आबांच्या घड्याळाचा घसारा

रविवार, ५ मार्च २००६

विमा कंपनीकडून येणारी डायरी मी दर वर्षी कुणाला तरी देऊन टाकतो. या वर्षीची ठेवून घेतली, कारण डोक्यात गोंधळ आहे आणि हिला सांगायला जावं तर ही हसते.

आज जेवणं झाल्यावर आईनं फर्मान काढलं. "मे म्हैन्यात तुझ्या आबास्नी जाऊन साल भरतंय. त्या दिशी त्यांच्या ट्रंकेतलं वाटं घालायचं. तू थोरला, तू वाटं घालायचं. प्रिया धाकटी, तिनं पयला उचलायचा."

हा आमच्या नेसरीकडचा जुना कायदा आहे. वाटे घालणाऱ्याला निवडायचा हक्क नाही, उरेल ते त्याचं. त्यामुळे वाटे घालणारा झक मारत प्रामाणिक राहतो. घर आईच्या नावावर आहे, शेत कधी नव्हतंच. सगळा प्रश्न आबांच्या फौजी ट्रंकेचा.

तसं बघितलं तर हे माझ्या हातचं काम. एकोणीस वर्षं मी विम्याचा सर्व्हेअर आहे. आपटलेले ट्रक, जळालेली दुकानं, गेल्या साली महापुरात बुडालेल्या गिरण्या, सगळ्यांची किंमत मी काढली. आमच्या धंद्याचा मंत्र एकच, घसारा. वस्तू वापरली की झिजते, आणि झिजली की किंमत उतरते. हे ज्याला कळलं त्याला जग कळलं.

प्रियाशी मात्र जपून वागायला हवं. आबा गेले त्याच्या तिसऱ्या दिवशी मी सवयीनं ट्रंकेतल्या वस्तू कागदावर उतरवत बसलो होतो. ती दारात उभी राहून बघत होती. "दादा, मोजून झालं की सांग," म्हणाली आणि संध्याकाळच्या गाडीनं नेसरीला गेली. तिथं ती शाळेत मास्तरीण आहे. तेव्हापासून आली नाही. माझं मोजून झालेलं नव्हतं म्हणून मीही सांगितलं नाही. आई म्हणते, "ह्या वाटण्यात तिच्या मनात खोट ऱ्हायली तर ती पुन्यांदा या उंबऱ्यात यायची न्हाई." म्हणजे वाटे गुंजभरही इकडे तिकडे होऊन चालणार नाहीत.

संध्याकाळी ट्रंक उघडली. रेडिओ, दोन पदकं, गरम कोट, पितळी बुद्धमूर्ती, दाढीचं सामान. सायकल बाहेर आहे, ती धरून. आणि घड्याळ.

आबा फौजेत ड्रायव्हर होते. शांतिसेनेबरोबर गाझाला गेलेले. तिथून सुट्टीवर बैरूतला गेले आणि वर्षभराचा सगळा भत्ता एका दुकानात ओतून रोलेक्स घेऊन आले. तेही पाणबुड्यांसाठीचं, भोवतीची कडी फिरते ते. आबांनी समुद्र काय तो जहाजातून बघितलेला. पुढं कारखान्याची जीप चालवतानाही तेच हातात. चाळीस वर्षांत त्याची रया गेली आहे. काळी डायल विटून चहासारखी झालीय, अंगभर ओरखडे, आणि कडेला एक खोल खोच.

तरी चालू होतं! दहा महिने ट्रंकेत पडून, आणि काटा फिरतोय. स्विस माल म्हणजे स्विस माल.

मला त्याचा लोभ नाही. हे इथं लिहून ठेवतो.


गुरुवार, ९ मार्च

घड्याळ घेऊन गुजरीत गेलो. ओळखीच्या सराफानं हातात घेतलं, उलटंपालटं केलं, नखानं टोकरलं आणि गादीवर ठेवलं.

"स्टील हाय."

"स्टीलच आहे. पण रोलेक्स आहे."

"असंल की. माझ्याकडं तराजू हाय, त्याला वाचाय येत न्हाई. सोन्याचं असतं तर आत्ता आकडा सांगितला असता. चहा घ्या."

म्हणजे शून्य. एका अर्थी बरं झालं. घरी येऊन सतरंजीवर वाटे मांडून बघितले. घड्याळाच्या बाजूला रेडिओ, पदकं आणि मूर्ती टाकली. दुसरीकडे सायकल, कोट, दाढीचं सामान. आई भिंतीला टेकून शेंगा फोडत होती. तिला दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, ऑपरेशन म्हटलं की "पिकू दे अजून" म्हणते. तरी कुठं काय ठेवलं ते तिला कळतं कसं कोण जाणे. "मूर्त वाट्यात घालू नगंस," म्हणाली. "बुद्ध द्येव न्हवं तर न्हवं, पर वाटून घ्यायचा बी न्हवं." मूर्ती परत फळीवर.


मंगळवार, १४ मार्च

शून्य मनाला पटेना. वर्षभराचा भत्ता आबांनी शून्यावर कसा उधळला असेल? म्हणून महाद्वार रोडच्या बोळात इकबालभाईंकडे गेलो. आबांचं घड्याळ साफ करायला त्यांच्याच दुकानात जायचं. डोळ्याला भिंग लावून त्यांनी मागचं झाकण उघडलं आणि घड्याळ वेळ तपासायच्या यंत्रावर ठेवलं.

"दिवसाला चार मिनिटं मागं पडतंय," शेवटी म्हणाले. "बाहेर हातगाडीवर दीडशेचं सेलचं घ्या, ते याच्यापेक्षा बरोबर वेळ दावील."

"मग हे काही कामाचं नाही?"

"वेळ बघाय? न्हाई."

मी उठलो तसे म्हणाले, "दादा, इकायचं झालं तर पयला मला सांगा हां. मी हातात घालीन."

मला काही कळेना. कामाचं नाही, आणि पहिला मला सांगा! ट्रकवाला गाडी भंगार म्हणतो आणि तीच आपल्या मेहुण्याला घ्यायला लावतो, त्यातला प्रकार वाटला. पण इकबालभाई तसला माणूस नव्हे.

आणखी एक भानगड कळली. हे घड्याळ सेलवर नाही, चावीवरही नाही, मनगटाच्या हालचालीवर चालतं. "हातात न्हसलं की दीड दिसात बंद पडतंय," म्हणाले. मग ट्रंकेत चालू कसं होतं? घरी येऊन हिला विचारलं, तू घालतेस काय. ही म्हणाली, "मला भाकऱ्या थापताना येवढा धोंडा हातात बांधाय येड लागलंय व्हय?" धुणंभांड्याला येणाऱ्या तानाबाईवर संशय घेणं बरं नाही. पण खबरदारी म्हणून ट्रंकेला कुलूप घातलं.


बुधवार, १५ मार्च

आईनं सकाळी सकाळी ट्रंकेची किल्ली मागितली. डांबराच्या गोळ्या टाकायच्या आहेत म्हणे. दिली.


शुक्रवार, १७ मार्च

आज परत डांबराच्या गोळ्या. एवढ्या गोळ्या येतात कुठून? शेवटी किल्ली तिच्याकडेच ठेवली.


रविवार, १९ मार्च

प्रियाला फोन केला. वाट्यांचं सांगितलं, तारीख सांगितली. "येते," एवढंच म्हणाली. मग एकदम विचारलं, "दादा, घड्याळ चालू हाय न्हवं?"

मी सावध झालो. रेडिओचं विचारलं नाही, पदकांचं नाही, थेट घड्याळ. "चालू आहे," म्हटलं.

"मग बरं हाय. आई बरी हाय म्हणायची," म्हणाली आणि फोन ठेवला.

घड्याळाचा आणि आईचा काय संबंध? विषय बदलायची तिची लहानपणापासून ही रीत आहे. तिला घड्याळ हवं आहे, हे आता स्वच्छ झालं. असू दे. तिला हवंय म्हणून त्याची किंमत वाढली काय? आणि वाढली तर कुणासाठी? समोरच्या वाट्यात काय टाकलं म्हणजे ती फिटेल? दोन तास डोकं खाजवलं. आमच्या पुस्तकात व्याख्या आहे: घ्यायला राजी असलेला आणि द्यायला राजी असलेला यांच्यात जुळतो तो बाजारभाव. इथं घ्यायला राजी वाढत चालले आहेत. द्यायला राजी कोण, ते कळत नाही.

मला नोकरीच्या मुलाखतीला जाताना आबांनी स्वतःच्या हातानं ते माझ्या मनगटावर बांधलं होतं. पट्टा सैल होत होता, म्हणून मी मुलाखतभर हात वर धरून बसलो. साहेबांना वाटलं मला काहीतरी विचारायचंय. संध्याकाळी आबांनी ते काढून घेतलं, परत कधी दिलं नाही. मला ते शोभत नव्हतं, हेच खरं.


मंगळवार, २८ मार्च

घोळ हाताबाहेर गेला आहे.

एका दाव्याच्या कामात पुण्याच्या गृहस्थांशी ओळख झाली होती, जुनी घड्याळं जमवतात. त्यांना फोन लावला आणि इकबालभाईंनी झाकणाच्या आतला लिहून दिलेला नंबर वाचून दाखवला. त्यांनी तो दोनदा वाचायला लावला. मग म्हणाले, "मूळ स्थितीत असेल तर चार लाखांपर्यंत जाईल."

मी खुर्चीवरून उठून उभा राहिलो. चार लाख! स्टीलचं! वेळ चुकणारं!

"फक्त एक करा," म्हणाले. "मी येईपर्यंत त्याला काही करू नका. पुसूसुद्धा नका."

हे ऐकलं आणि मी मनात हसलो. अहो, हे वाक्य मी स्वतः रोज उच्चारतो. सर्व्हे होईपर्यंत हात लावू नका! कारण दुरुस्त झाल्यावर नुकसान दिसत नाही. याचा अर्थ सरळ आहे. घड्याळ कळकट असताना बघायचं, घसारा दाखवायचा आणि भाव पाडायचा. अशी पिल्लं मी अंगाखांद्यावर खेळवली आहेत.

संध्याकाळी नवे वाटे मांडले. घड्याळ एकटं एका बाजूला. दुसऱ्या बाजूला बाकी सगळी ट्रंक, सायकल, आणि तरीही पारडं वर. शेवटी चिठ्ठीवर 'पाचगावचा प्लॉट' लिहून ती चिठ्ठी टाकली. प्लॉट माझ्या कमाईचा आहे. पण समजा प्रियानं घड्याळ न उचलता तो ढीग उचलला तर? मग प्लॉट गेला. पण मग घड्याळ मला. मग चालेल की.

असं का लिहिलं मी? वाटे बरोबरीचे आहेत म्हणून चालेल, एवढाच त्याचा अर्थ.

हिनं चिठ्ठी वाचून ताट आपटलं. आई म्हणाली, "त्या ढिगाऱ्यात आता मला बी बसीव. वजन कमी पडत असलं तर."


सोमवार, १० एप्रिल

पक्का विचार करून घड्याळ इकबालभाईंकडे दिलं. ओरखडे घासून काढायचे, खोच भरून बुजवायची, डायल मुंबईला पाठवून परत काळी करून घ्यायची, ठिपके पांढरे. कुठल्याही वस्तूची किंमत काढायची तर तिच्यावरचा घसारा दूर करून काढावी, म्हणजे वाद राहत नाही. शिवाय आबांची वस्तू आहे. प्रियाच्या हातात काय किंवा माझ्या हातात काय, लख्ख जावी. लग्नाच्या आधी आपण भांडीसुद्धा चिंच लावून घासतो.

इकबालभाई भिंग काढून माझ्याकडे बघत राहिले. "समदं पुसून टाकू? नक्की?"

"अगदी नव्यासारखं करा."

"नव्यासारखं हुईल," म्हणाले. "तुमचं हाय. तुम्ही म्हणशीला तसं."

त्यांचा चेहरा जरा पडलेला वाटला. विकत मिळणार नाही म्हणून असेल.


शुक्रवार, १४ एप्रिल

जयंती. सकाळी बिंदू चौकात जाऊन पुतळ्याला हार घालून आलो. येतो तर आई पांढरं लुगडं नेसून तयार, पण ट्रंकेसमोर फतकल मारून बसलेली. झाकण उघडं.

"घड्याळ कुठाय?"

"दुरुस्तीला दिलंय."

"बिगाडलं हुतं?"

"नाही गं. नवं करायला. पुन्हा काळंभोर होईल, चमकेल."

"त्यांनी कवा केलं न्हवतं नवं," म्हणाली.

मग नेहमीप्रमाणे माझा हात धरून चौकात यायचं सोडून "माझं पाय दुखत्यात" म्हणून आडवी झाली. दुपारी खीर केली होती तीही दोन चमचे खाल्ली. ऊन फार आहे यंदा.


शनिवार, २२ एप्रिल

आईचं काहीतरी बिनसलं आहे. सकाळी उठून ट्रंकेपाशी जाते, बसते, उठते. आज हात नुसताच हवेत हलवत होती. मी विचारलं तर म्हणाली, "मुंग्या आल्यात." डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या दिल्या.


मंगळवार, २ मे

घड्याळ आलं. काय सांगावं! इकबालभाईंनी मखमलीवर ठेवलं आणि माझ्याच तोंडून "वा" गेलं. डायल कोळशासारखी काळी, ठिपके तांदळासारखे, कडेची खोच बोटानं चाचपून सापडत नाही. बैरूतच्या दुकानात आबांनी ते असंच बघितलं असेल. त्यांना दाखवायला हवं होतं असं मनात आलं.

इकबालभाईंनी मजुरी घेतली, चहा पाजला, पण एकदाही "हातात घालीन" म्हणाले नाहीत.

घरी नेलं नाही. बोटांचे ठसे उमटायचे. ऑफिसच्या कपाटात कुलूपबंद ठेवलं आहे.


रविवार, ७ मे

पुण्याचे गृहस्थ खास गाडी करून आले. ऑफिसातच बसवलं, मिसळ मागवली. मी डबी उघडली. त्यांनी भिंग काढलं, पण डोळ्याला लावलंच नाही. डबी मिटली आणि माझ्याकडे सरकवली.

"हे कधी केलंत?"

"गेल्या महिन्यात. कसं झालंय?"

"छान झालंय," म्हणाले. "आधी डायल कुठल्या रंगाची होती?"

"विटलेली. चहासारखी."

त्यांनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं मिसळ तिखट लागली.

मग जे ऐकलं ते जसंच्या तसं लिहून ठेवतो, कारण ते मला अजून पचलेलं नाही. चहाच्या रंगाची डायल हीच त्यातली मोठी किंमत. असं विटणं हजारात एखाद्या घड्याळाच्या नशिबी येतं. ते ऊन, ती चाळीस वर्षं परत कुणालाही रंगवता येत नाहीत. ओरखडे हवेत, कडा जशाच्या तशा हव्यात. आता हे मुद्दल गेलेलं घड्याळ आहे. सुट्या भागांचे वीस हजार येतील, तेही त्यांच्याकडून नाही.

"पण आता ते जास्त चांगलं दिसतंय!" मी जवळजवळ ओरडलोच.

"दिसतंय की."

"आणि झिजलेलं होतं तेव्हा किंमत जास्त?"

"हो."

"ही किंमत ठरवतो कोण?"

"घेणारा."

"आणि घेणारा आलाच नाही तर?"

"तर स्टील," म्हणाले. मिसळ अर्धी टाकून गेले.

म्हणजे गुजरीतला सराफ बरोबर, इकबालभाई बरोबर, आणि हे गृहस्थही बरोबर? एकच वस्तू. किंमत वस्तूत असती तर तिघांना एकच दिसायला हवी होती. बघणाऱ्यात असती, तर मी घासून पुसून केलेलं त्यांना का खटकलं? काहीतरी वस्तूतूनच गेलं असणार ना! मग ते काय होतं? मी तर फक्त मळ काढला. एकोणीस वर्षं मी घसारा वजा करत आलो. तो मिळवायचाही असतो, हे कुणी सांगितलंच नाही. ज्यांचे क्लेम कापले त्यांची तोंडं डोळ्यासमोरून जात आहेत.


शनिवार, १३ मे

बुद्ध पौर्णिमा. विहारात बसलो पण लक्ष लागेना. भन्ते अनित्यतेवर बोलत होते. सगळं बदलतं, झिजतं, त्याला धरून बसू नये. बरोबर आहे. पण मी झिजलेलं परत नवं केलं, ते यात कुठं बसतं?

घरी येऊन वाटे पुन्हा मांडले. प्लॉटची चिठ्ठी काढली. परत घातली. चार लाखांचं वीस हजारांचं मी केलं, मग तो तोटा माझ्याच वाट्यात पडायला पाहिजे. पण माझा वाटा कुठला हे प्रियानं उचलल्याशिवाय ठरत नाही. तिला खरं सांगावं तर ती घड्याळ उचलणार नाही. न सांगावं तर फसवणूक. आणि ती घड्याळ चार लाखांसाठी मागतेय, हे तरी मला कुणी सांगितलं?

ही आज हसली नाही. शेजारी येऊन बसली. "तुमाला काय पायजे ते एकदा स्वतःला इचारा," म्हणाली.

मला काय पाहिजे? मला वाटे बरोबर पाहिजेत.


रविवार, २१ मे

सगळं उरकून आता निवांत बसलो आहे. क्रमानं लिहितो, म्हणजे मलाही कळेल.

प्रिया सकाळीच आली. सोबत जावई, बाळासो. ती पहिल्यांदा आईला बिलगली, मग मला नुसतं "दादा" म्हणाली. आबांच्या फोटोला हार घातला, सगळ्यांनी वंदना म्हटली, जेवणं झाली. मग मी सतरंजी अंथरली. एका बाजूला डबीत घड्याळ. दुसऱ्या बाजूला बाकी सगळं आणि चिठ्ठी.

मी सगळं सांगून टाकलं. सराफ, इकबालभाई, पुण्याचे गृहस्थ, चार लाख, वीस हजार. कायद्याप्रमाणे उचलणाऱ्याला माल माहीत असला पाहिजे.

प्रियानं डबी उघडली. अंगठा कडेवरून फिरवला, एकदा, दोनदा, परत पहिल्यापासून.

"खोच कुठं गेली?"

"भरून घेतली."

"मला सायकल शिकवतानाची हाय ती. रंकाळ्यावर. मी पाण्याकडं निघालते, आबांनी शीट धरलं आणि हात दगडावर घासला. हात फुटला, पण म्हणले घड्याळ वाचलं बघ. मग मी घाबरू नये म्हणून मला म्हणायचे, तू माझ्या घड्याळावर सही केलीयास."

मला माहीत नव्हतं. खरोखर माहीत नव्हतं. मी म्हणालो, "मी ती घसाऱ्यात धरली होती."

ती हसली. हसता हसता पदर तोंडाला लावला आणि खांदे हलायला लागले. बाळासो उठून बाहेर अंगणात गेला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वाटलं, झालं, आता ही या उंबऱ्यात परत येत नाही.

मग तिनं नाक पुसलं आणि घड्याळ कानाशी नेलं. "दादा, हे बंद हाय."

"ऑफिसच्या कपाटात होतं ना."

"फोनवर तर चालू हाय म्हणलास. आई, तू हलवत न्हवतीस?"

"ह्यानं नेलं की," आई म्हणाली. "काय हलवू? हवा?"

तेव्हा कुठं माझ्या टाळक्यात उजेड पडला. लहानपणी बघितलेलं आठवलं. आबा फौजेतून सुट्टीवर आले की आंघोळीला जाताना, झोपताना ते आईकडं देत. "हलवत ऱ्हा, न्हायतर मरतंय ते." ती हलवत राहायची. आबा गेल्यावरही रोज सकाळी ट्रंक उघडून हलवत होती. दहा महिने. डांबराच्या गोळ्या!

"प्रियाला म्हाईत हुतं," आई म्हणाली. "तू इचारलं न्हाईस."

"आई," प्रिया म्हणाली, "तुझा वाटा कुठाय ह्यात?"

मी सतरंजीकडे बघितलं. दोन ढीग. जेवढे घातले तेवढेच. नवऱ्याच्या वस्तूंचे वाटे घालताना बायकोचा वाटा घालायचा असतो, हे अडीच महिन्यांत, इतक्या वेळा मांडून मोडून, माझ्या एकदाही मनात आलं नाही.

"मला काय करायचं वाटा," आई म्हणाली, पण हात पुढं केला होता.

प्रियानं घड्याळ त्या हातावर ठेवलं. म्हटलं, आता आई बघणार आणि म्हणणार, हे कुणाचं आणलंस? काळं कुळकुळीत, चकचकीत, कुणा परक्याचं. आईनं ते डोळ्याजवळ नेलंच नाही. मुठीत धरलं आणि हलवलं. सुपात धान्य घोळवावं तसं, हळू, एका तालात. मग कानाशी धरलं. आम्ही दोघं तिच्या तोंडाकडे बघत होतो.

"व्हय," म्हणाली. "त्योच हाय."

एवढंच. आणि तिच्या तोंडावर जे हसू आलं ते मी सालभरात बघितलं नव्हतं.

म्हणजे मग मी काय बिघडवलं? प्रियाचं सगळं गेलं, पुण्याच्या गृहस्थांचं सगळं गेलं, आणि आईचं तसूभरही नाही? एकाच घड्याळातून? मला हे कळत नाही. लिहूनही कळत नाही.

वाटे तसेच राहिले होते. आई म्हणाली, "उचल गं, रीत हाय." प्रियानं घड्याळाचा वाटा उचलला, म्हणजे रिकामी डबी. "घड्याळ आई हाय तवर आईकडं. मी सुट्टीला, सणाला येत जाईन हलवाय." मग चिठ्ठी उचलून माझ्या खिशात कोंबली. "आणि दादा, हिच्या माघारी घड्याळ तुझं."

"माझा वाटा दुसरा आहे," मी म्हणालो. "मला ते नको."

"इंटरव्ह्यूच्या दिशी तू आरशासमोर किती येळ हात धरून उभा हुतास ते मी बघितलंय. पायजे हुतं तर मागायचं की, दादा. वाटं कशाला मोजत बसलास?"

मी ढिगातला आबांचा कोट उचलून घडी घालत बसलो, आणि घडी काही नीट पडेना. एकाएकी लहान पोरासारखा हुंदका आला. आबांची एवढी आठवण मला सालभरात आली नव्हती.

गाडी चुकवून प्रिया आज राहिली आहे. आतून आईचा आणि तिचा बोलण्याचा आवाज येतोय.

आत्ता पाच मार्चचं पान उघडून बघितलं. 'मला त्याचा लोभ नाही. हे इथं लिहून ठेवतो.' पेन घेतलं, खोडणार होतो, वरून नीट दुसरं काहीतरी लिहिणार होतो. नाही खोडलं. आता काही पुसायचं नाही. राहू दे तसंच.